मिरचीच्या कळ्या आणि माझा डावा डोळा

माझा हात डॉक्टरचा आहे, ही गोष्ट माझ्या आधी आमच्या गावाला माहीत झाली. पप्पांना एकदा काही पटलं की ते घरात राहत नाही. चहाच्या टपरीवर, दूध संकलनावर, देऊळगाव राजाच्या बसस्टँडवर ओळखीचं कोणी भेटलं की त्याला थांबवून सांगणार, "आमच्या पोरीचा हात पाहा. मिरचीच्या कळीतून नर काढते, पन कळीले पत्ता लागत नाही. असा हात दातावर चालला, तं पेशंट खुर्चीतच झोपून जाईन." मी शेजारी उभी असले की मला कुठे तोंड लपवू असं व्हायचं. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

कळीचं काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांसारखं आमचंही शेडनेट आहे, हिरव्या जाळीचं मोठं घर. त्यात आम्ही कंपनीसाठी मिरचीचं संकरित बियाणं तयार करतो. त्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. दुपारनंतर मादीच्या झाडावरची, उद्या उमलेल अशी कळी धरायची, चिमट्याने पाकळ्या उघडायच्या आणि आतले पाच-सहा नर, म्हणजे पुंकेसर, एकेक करून ओढून काढायचे. मधली काडी तेवढी राहिली पाहिजे, तिला धक्का लागता कामा नये. मग देठाला लोकरीचा धागा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काडीला दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर लावायची. एक जरी नर आत राहिला तरी कळी स्वतःच्याच पावडरीवर फळते, आणि तसली फळं जास्त निघाली की कंपनी सगळा लॉट नापास करते. म्हणून कंपनीचा सुपरवायझर येतो, ओळीओळीतून फिरतो, कळ्या उघडून बघतो आणि जे बोलायचं ते सगळ्यांच्या देखत बोलतो.

आमच्या शेडमध्ये प्रत्येकीच्या लोकरीचा रंग वेगळा. चूक कोणाची ते लगेच कळावं म्हणून पप्पांनीच ही पद्धत पाडली. आईची पिवळी, काकूची हिरवी, माझी लाल. मी आठवीत असताना सुपरवायझर लाल ओळीतून दोनदा फिरला आणि म्हणाला, "ही लाल कोणाची आहे? हिच्यात खोट सापडत नाही." झालं. पप्पांना तेवढं पुरलं. आधी मी नुसती त्यांची मुलगी होते, त्या दिवसापासून मी डॉक्टरचा हात झाले.

पुढे बारावी झाली, नीट एकदा दिली, मार्क कमी पडले, परत दिली. मोठ्या डॉक्टरकीपर्यंत काही पोहोचले नाही, पण तिसऱ्या फेरीत बीडीएसला नंबर लागला. विदर्भातलंच एक कॉलेज. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. "दाताचं तं दाताचं," पप्पा म्हणाले, "उलटं बरं झालं. बारीक काम हाय, आपल्या हाताचंच हाय." मला दाताची डॉक्टर व्हायचंय का, हे मला कोणी विचारलं नाही. कोणाला दोष देत नाही, मी तरी स्वतःला कुठे विचारलं होतं?

मला भीती वेगळ्याच गोष्टीची होती. माझं डोकं दुखायचं. नीटच्या दुसऱ्या वर्षापासून पुस्तक घेऊन दीड-दोन तास बसले की उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. शेडमध्ये तर तासाभरातच. मी चष्म्याच्या दुकानात मशीनवर नंबर काढून घेतला होता, चष्मा लावत होते, तरी काही फरक नव्हता. आता नंबर लागला तो ऐन क्रॉसिंगच्या दिवसांत, आणि चिमटा हातात धरून वाकले की एकच विचार यायचा. इथे निदान कळी उजेडात असते. दाताचं काम म्हणजे जन्मभर लोकांच्या तोंडात बघायचं, तेही वाकून. हे डोकं टिकेल का?

घरात बोलले असते तर पप्पांनी संध्याकाळपर्यंत अर्ध्या तालुक्याला माझ्या डोळ्यांची काळजी लावली असती. म्हणून कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायच्या आहेत असं सांगून मी एकटीच बसने जालन्याला गेले. तिथे डोळ्यांच्या एक डॉक्टर बाई होत्या, वयस्कर, शांत. त्यांनी माझा डावा डोळा झाकला, मी सगळ्या ओळी धाडधाड वाचल्या. मग उजवा झाकला आणि मी तिसऱ्याच ओळीला अडले. मला वाटलं चष्मा जुना झाला असेल. त्यांनी चौकटीत एकामागून एक काचा बदलून पाहिल्या. थोडं सुधारलं, पण चौथ्या ओळीच्या पुढे अक्षरं काही केल्या उलगडेनात. एकोणीस वर्षांची झाले तरी माझ्या आठवणीत मी कधी उजवा डोळा एकटा झाकून जग बघितलंच नव्हतं. कोण बघतं?

मग त्यांनी मला एक काळसर चष्मा घातला आणि समोर एक जाड पुस्तक धरलं. पानावर चार-चार गोळे काढलेले.

"यातला कुठला वर आलेला दिसतो?"

"वर म्हणजे?"

"कागदाच्या वर. बाकीच्यांपेक्षा तुझ्याजवळ."

मला रागच आला. कागदावर छापलेला गोळा वर कसा येईल? मी पान वाकडं करून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं, गोळे आपले जागच्या जागी. शेवटी अंदाजे एक बोट ठेवलं. मग दुसऱ्या चौकोनात दुसरं. त्या नुसतं लिहीत राहिल्या. बाहेर बसलेल्या एका लहान मुलीला त्यांनी आत बोलावलं, तिला तोच चष्मा घातला, आणि ती पोर बघताक्षणी खालचा उजवा गोळा दाखवून मोकळी झाली. मला कळेना की ही सगळी मिळून माझी मस्करी करतायत की काय.

"लहानपणी तुझ्या उजव्या डोळ्याला पट्टी लावली होती का?" त्यांनी विचारलं.

"उजव्या? उजवा तर चांगला आहे."

"म्हणूनच. चांगला झाकला की आळशी डोळ्याला काम करावं लागतं. सहा-सात वर्षांच्या आत केलं तर बऱ्याचदा सुधारतो. आता या वयात फार फरक पडेल असं मी सांगणार नाही." त्यांनी मला समजावून सांगितलं की माझे दोन डोळे मिळून काम करत नाहीत, डावा जवळजवळ बसूनच असतो, म्हणून एखादी वस्तू किती पुढे आहे आणि किती मागे, हे इतरांना जसं आपोआप दिसतं तसं मला दिसत नाही. मी सावलीवरून, लहानमोठ्यावरून अंदाज बांधते. डोकं दुखतं ते सगळा भार उजव्यावर आणि त्यात चष्म्याचा नंबर चुकीचा म्हणून.

मी सरळ विचारलं, "मग मी दाताची डॉक्टर होऊ का नको?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अडवणार कोणी नाही. एका डोळ्याच्या भरवशावर बारीक काम करणारे लोक असतात. पण सोपं जाणार नाही, थकवा जास्त येईल. मी हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. तू आजवर हाताने काही बारीक काम केलंयस का?"

मी ताठ बसले. मिरचीच्या क्रॉसिंगचं सांगितलं, लाल लोकरीचं सांगितलं, सुपरवायझर काय म्हणाला तेही सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच नवल दिसलं. "सहा वर्षं, आणि चूक नाही? मग तुझ्या हाताने स्वतःचा रस्ता शोधलाय म्हणायचा. तोच तुझा पुरावा." नव्या चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि मला सोडलं. मी बसमध्ये बसले तेव्हा अर्धी घाबरलेली होते आणि अर्धी फुशारलेली.

देऊळगाव राजाला उतरले तर वाटेतच आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. पप्पांची दाढ त्यांनीच काढली होती. दुपारची वेळ, पेशंट नव्हता. म्हटलं, आलेच आहे तर विचारून टाकू. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कपाटातून प्लास्टरचा जबडा काढला, खुर्चीवर ठेवला, माझ्या एका हातात तोंडात घालायचा छोटा आरसा आणि दुसऱ्या हातात टोकदार सळई दिली. "वरच्या मागच्या दाढेवर खड्डा आहे. आरशात बघ आणि टोक खड्ड्यात ठेव. सरळ बघायचं नाही."

आरशात सगळं उलटं. मी हात पुढे नेला तर टोक मागे गेलं, डावीकडे नेलं तर उजवीकडे. सळई दाढेच्या अलीकडेच हवेत टेकवली. पुन्हा केलं, तर हिरडीवर. तिसऱ्यांदा दाढेच्या कडेला लागली आणि तिथून चाचपत चाचपत खड्ड्यात शिरली.

"पाहिलंत?" मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता.

"काय पाहिलं? पहिल्या वर्षाची सगळी पोरं अशीच करतात. मी तर सरांच्या बोटात खुपसली होती." ते हसले. "अर्धं काम हाताला कळतं, बाई. डोळ्याचं काही नाही, भिंग लावता येतं. मला विचारशील तर मान सांभाळ, माझी मान पार गेली."

म्हणजे चाचणी झाली आणि काहीच कळलं नाही. मी चुकले ते डोळ्यामुळे की सगळे चुकतात म्हणून? हे सांगणार कोण? ज्याला दोन्ही डोळ्यांनी दिसतं त्याला माझं काय दिसतं ते कळणार नाही, आणि मला त्याचं कळणार नाही. घराकडे चालता चालता मी मनाशी ठरवलं की जालन्याच्या बाईंचं खरं धरायचं. पुरावा आहे ना. सहा वर्षं आहेत ना. लाल लोकर आहे ना.

शेडमध्ये आई एकटीच होती. काकू माहेरी गेलेली, पप्पा बाजारात. मी चप्पल काढून आत गेले आणि तिच्या ओळीजवळ उभी राहिले.

"आई, मी ल्हान होती तवा माह्या डोळ्याले पट्टी बांधली होती का?"

आईने वर पाहिलं नाही. हातातली कळी पूर्ण केली, पिवळा धागा बांधला, दात लावून तोडला. मग म्हणाली, "तुले कोणं सांगतलं?"

मला त्यातच उत्तर मिळालं. पण ती बोलायला लागली ती थांबलीच नाही, इतकी वर्षं तोंडाशी येऊन राहिल्यासारखी. "बीबी गावाले तुह्या मामाकडे होतो आपण. डोळ्याचं शिबिर लागलं होतं शाळेत. तू सहा वर्साची. डॉक्टर म्हणे चांगल्या डोळ्याले पट्टी लावा, रोज लावा, चार-सहा महिने. मले काई समजलं नाही, चांगल्याले काऊन? तरी लावली. तू भिताडाले धडके, रडे, पट्टी ओढे. तरी आठ दिवस लावली मी. मंग घरात लग्न निघालं. सगळ्या बाया जमल्या अन् जे ते मलेच विचारे, पोरीचा डोळा गेला का म्हून. एक जण तं म्हणे, ही गोष्ट आताच झाकून ठेवा, पोरीची जात हाय, उद्या कोणी करन का? मी त्याच दिवशी काढून फेकली. म्हटलं, मोठी होईन तसा व्हईन सरळ."

"अन् पप्पाले?"

"त्यायले काऊन सांगू? ते गावाले सांगतात."

मी रागावले होते, पण तेवढी नाही. कारण माझ्याकडे पुरावा होता. मी म्हणाले, "बरं, झालं ते झालं. माह्यं काई अडलं नाही ना त्यानं? लाल ओळीत आजपर्यंत एक खोट निघाली का?"

आईने मग स्वतःचा चिमटा माझ्या हातात दिला. "दहा कळ्या कर. घाई नको करू."

मी वाकले. जीव लावून दहा कळ्या केल्या, दहा धागे बांधले. आई माझ्या मागून आली आणि पहिल्या कळीपासून सुरू झाली. तिसऱ्या कळीपाशी थांबली, काडीच्या मागच्या अंगाला चिमटा नेला आणि एक नर ओढून माझ्या तळहातावर ठेवला. सहाव्या कळीत एक. नवव्या कळीत दोन. मी नववी कळी डोळ्याजवळ आणली, डावा डोळा मिटला, तेव्हा कुठे मला ती जागा दिसली.

"ड्रिपचा व्हॉल्व्ह पाच मिन्टात बंद होते," आई म्हणाली. "तू अभ्यासाले बसली की मी रोज संध्याकाळी जाऊन तुह्या ओळी पाहत होती."

सहा वर्षं. मी पुस्तक उघडून बसायची, ती "व्हॉल्व्ह बंद करून येतो" म्हणून जायची आणि उजेड संपेपर्यंत माझी लाल ओळ पिवळीच्या मेहनतीने दुरुस्त करायची. आधी मला लाज वाटली. जालन्याच्या डॉक्टर बाई आठवल्या, त्यांना मी किती तोऱ्यात सांगितलं होतं. मग राग आला आणि तो मात्र असा आला की मला पुढचं दिसेना. एकदा पट्टी काढलीस, आणि मग सहा वर्षं मला खोटंच सांगत राहिलीस. मी हे बोलले नाही. चिमटा तिच्या ओळीतल्या ओल्या मातीत खुपसला आणि निघून आले.

त्या दिवसापासून कॉलेजला जायच्या दिवसापर्यंत माझं जे झालं त्याला गोंधळ म्हणणं कमीच आहे. नवा चष्मा आला आणि डोकं खरंच कमी दुखायला लागलं. म्हणजे डॉक्टर बाईंचं एक खरं निघालं. मी पहाटे उठून शेडमध्ये जायचे आणि डावा डोळा मिटून कळ्या करायचे, तर दहात एखादीच चुकायची. मग वाटायचं, हे जमेल. मग आठवायचं की कळीत चुकलं तर एक मिरची वाया जाते, दाढेच्या मुळाशी चुकलं तर? फोनवर दाताच्या कामाचे व्हिडिओ बघायचे, एक बघून हुरूप यायचा, दुसरा बघून तो ओसरायचा. एकजण म्हणे भिंगाने सगळं सोपं होतं, दुसरा म्हणे खोलीचा अंदाज नसेल तर या वाटेला जाऊच नका. सकाळी हो, दुपारी नाही, जेवताना पुन्हा हो. आईशी मी कामापुरतं बोलत होते. पप्पा माझ्यासाठी फायलींना नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले होते आणि विचारत होते, "काऊन तोंड पाडून बसली? घर सोडाचं म्हून?" मी हाव म्हणत मान डोलवायचे. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

शेवटच्या दिवशी पप्पा आणि मी सकाळच्या गाडीने निघालो. कॉलेजात प्रवेशाआधी तब्येतीचा दाखला लागतो, तो तिथल्याच डॉक्टरांकडून घ्यायचा होता. त्यांच्यापुढे रांग होती. माझी पाळी आली तर त्यांनी उंची विचारली, रक्तदाब पाहिला, आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. दोन्ही डोळे उघडे ठेवून. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"नजर एकदम फस्टक्लास हाय तिची," पप्पा मागून म्हणाले.

डॉक्टरांनी शिक्का उचलला. मी म्हणाले, "सर, मला खोलीचा अंदाज येत नाही. एक डोळा आळशी आहे."

त्यांनी फॉर्म वर-खाली पाहिला. "त्याचा रकाना नाही यात. वाचता आलं ना? मग झालं." शिक्का बसला. मागच्या मुलाने पुढे सरकायला सुरुवात केली. पप्पा माझ्याकडे बघत राहिले.

बाहेर मोठा हॉल होता, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत तोंड उघडून पडलेला पेशंट आणि त्याच्यावर वाकलेला एक विद्यार्थी. आमच्या अगदी जवळच्या खुर्चीत एक म्हातारे बाबा होते, डोळे गच्च मिटून, हात पोटावर धरून. त्यांच्यावर वाकलेल्या मुलीचं काम झालं तशी ती बाजूला झाली. मागे उभे असलेले सर पुढे आले, तिचा आरसा घेतला, तोंडात बघितलं, कुठेतरी टोकरलं, आणि तिला पुन्हा बसवलं. मी ते दोनदा, तीनदा पाहिलं. प्रत्येक खुर्चीमागे कोणीतरी फिरत होतं. पाच वर्षं माझ्याही मागे फिरतील. नंतर मी आमच्या तालुक्याच्या गावी दवाखाना टाकीन, पप्पा गावभर सांगतील, आणि असले बाबा माझ्यापुढे डोळे मिटून तोंड उघडतील. तेव्हा संध्याकाळी मागून कोण येणार आहे बघायला?

मी पप्पांना तिथेच बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पट्टी, जालना, गोळे, कळ्या, व्हॉल्व्ह. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि पप्पांच्या बाबतीत हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मंग लाल लोकर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आईची."

त्यांनी फाईल मांडीवर ठेवली, तिच्यावरची चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवली, ती आधीच बसलेली होती. "मी सगळ्यायले सांगत होतो," ते म्हणाले. "तुमी दोघी ऐकून घेत होत्या." मला वाटलं ते आता आईला फोन करून तिच्यावर ओरडतील. त्यांनी फोन काढला पण नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आता तू सांग. तुले काय कराचं हाय?"

हा प्रश्न मला कोणीतरी विचारावा म्हणून मी मनात किती भांडले होते. आणि आता त्यांनी तो विचारला होता. "मले कळून नाही राह्यलं, पप्पा," मी म्हणाले. ते म्हणाले, "प्रवेशाची खिडकी पाचले बंद होते." आम्ही तसेच बसून राहिलो. पावणेपाचला मी म्हणाले, "चला घरी." पप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, फाईल बॅगेत टाकली आणि उठले.

गाडीत ते खिडकीशी बसले होते. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "लोकायले मी सांगीन. तू नको सांगू काई." आणि खरंच त्यांनी ते केलं, टपरीवर आणि दुधाच्या रांगेत. सांगताना आईचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

आता मी बी.एस्सी. करते. नंबर सोडला त्याचा पश्चात्ताप होतो का? कधी कधी होतो. एखाद्या दिवशी उजव्या एका डोळ्याने सुईत दोरा पहिल्याच फटक्यात जातो आणि दिवसभर चिडचिड होते.

पण तो विषय नाही. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपुढे पोळ्या करत होती आणि मी भाजी निवडत होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्यापायी गेलं का तुहं?"

मी हाव म्हणाले.

रागात म्हणाले, आणि ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं की त्या हॉलमध्ये, म्हातारे बाबा दिसायच्याही आधी, दारातूनच त्या उघड्या तोंडांच्या रांगा बघून मला वाटलं होतं की मला इथे यायचं नाही. दोन्ही डोळे चांगले असते तरी वाटलं असतं का? माहीत नाही. आणि घरी चला म्हणताना मनावरचं ओझं उतरलं होतं, ते बाबांचं तोंड वाचलं म्हणून की मला एक सांगण्यासारखं कारण मिळालं म्हणून, हेही मला आजपर्यंत सांगता येत नाही.

आईने मान हलवली. "सांगतलं ते बरं केलं," एवढंच म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली. त्यानंतर दोनदा मी तिला उरलेलं सांगायला गेले. दोन्ही वेळा तिने मला मध्येच थांबवलं, "राहू दे वं. मले माहीत हाय." तिला माहीत नाही. पण माझंच मला पुरतं माहीत नाही, तर मी तिला थांबवून सांगू काय? ती मात्र आता माझ्याशी बोलताना आधी माझ्या डाव्या डोळ्याकडे बघते.